मधनंच येणारं पावणं

आमच्या घरात ‘पावणं’ या शब्दाला दोन अर्थ होते. त्या दोन अर्थांची एकदा आमच्या पुढच्या खोलीत गाठ पडली आणि त्यात माझं एक लग्न मोडलं. मोडलं म्हणजे जमायच्या आतच मोडलं, त्यामुळं भांडी वाजली नाहीत, पत्रिका वाया गेल्या नाहीत. आईचं रडणं तेवढं झालं, पण ती सिनेमातल्या परक्या माणसासाठीही रडायची, म्हणून ते मी हिशेबात धरत नाही.

पहिला अर्थ सगळ्या कोल्हापूरला माहीत आहे. अनोळखी माणूस भेटला की तो पावणं. रस्ता विचारणारा पावणं, रिक्षात शेजारी बसलेला पावणं, आणि घरात लग्नाची मुलगी असली की तिला बघायला येणारे तर पावणंच पावणं. दुसरा अर्थ माझ्या वडिलांनी, म्हणजे अप्पांनी काढलेला. त्यांचं राजारामपुरीत एका गल्लीत आठ बाय दहाचं दुकान होतं. तिथं ते वापरलेली तपासणीची यंत्रं दुरुस्त करायचे : मीटर, पॉवर सप्लाय, आणि मुख्य म्हणजे सीआरओ. सीआरओ म्हणजे छोट्या टीव्हीसारखं दिसणारं एक अवजड खोकं. त्याच्या काचेवर हिरवी रेघ पळते आणि त्या रेघेच्या हालचालीवरून दुसऱ्या यंत्रात काय चाललंय ते कळतं. कारखान्यांनी लिलावात काढलेली, कॉलेजांनी तिसऱ्या हातानं घेतलेली अशी खोकी अप्पांकडं यायची. साफ बंद पडलेलं यंत्र आलं की अप्पा खूश असायचे. बंद म्हणजे बंद, शोधा आणि लावा. पण गिऱ्हाइकानं खोकं टेबलावर ठेवून, ‘‘तसं चालतंय वो, पर मधनंच जातंय,’’ असं म्हटलं की त्यांचा चेहरा पडायचा. मधनंच जाणारा, मधनंच येणारा, कुणी बघायला लागलं की गुपचूप बसणारा, पाठ वळली की हजर होणारा असा जो बिघाड, त्याला अप्पा ‘पावणं’ म्हणत. ‘‘कवा येईल, किती वेळ बसंल, कवा उठंल, काय सांगता येतंय व्हय?’’

अजूनही माझ्याकडं लोक येतात, खोकं टेबलावर ठेवतात, मी बटण दाबते, आणि ते लाजेनं लाल होऊन म्हणतात, ‘‘मॅडम, तुमच्याकडं बरं चालतंय की! आमच्याकडं चालत न्हाय.’’ दवाखान्याच्या दारात ताप उतरलेल्या माणसासारखी त्यांची अवस्था होते. मी त्यांना म्हणते, ठेवून जा. ते खोटं बोलत नसतात हे मला माहीत असतं. पण मी मुकाट्यानं त्यांच्याकडं थोडा वेळ बघते. इतक्या वर्षांनी तेवढी गंमत करायचा हक्क मला आहे.

तर अप्पांची रीत अशी की पावणं असलेलं यंत्र दुकानात ठेवायचं नाही, घरी आणायचं. दुकानात त्याला चालू ठेवून बघत बसायला वेळ कुणाला? आम्ही शिवाजी पेठेत, पिठाच्या गिरणीच्या वरच्या दोन खोल्यांत राहायचो. खाली गिरण सुरू झाली की वरच्या फळ्यांची जमीन हुंहुं करायची, कपाटातल्या बश्या एकमेकींशी बोलायच्या, आणि ज्वारीच्या पिठाचा कोमट वास जिन्यातून वर यायचा. पुढच्या खोलीत खिडकीजवळ एक स्टूल होतं. त्यावर खोकं, त्याचं वरचं झाकण काढलेलं, आणि काचेवर हिरवी रेघ. सकाळपासून रात्री जेवणं होईपर्यंत ते चालूच. घरातल्या प्रत्येकानं जाता-येता रेघेकडं बघायचं असा कायदा होता. आई भाकरी थापताना मान वळवून बघायची. मी वेणी घालताना आरशात न बघता रेघेकडं बघायची, म्हणून माझा भांग कायम वाकडा. रेघ गेली की ज्याला दिसेल त्यानं ओरडायचं, ‘‘पावणं आलं!’’ मग मी वहीत लिहायचं : रेघ किती वेळ गेली, त्या वेळी घरात काय चाललं होतं. ‘गिरण चालू.’ ‘आईनं मिक्सर लावला.’ ‘दूधवाला जिन्यात.’ ‘अप्पा शिंकले.’ वहीत शेवटचा रकाना होता, बिघाड कुणी काढला त्याचा. तो रकाना मीच भरायची आणि त्यात कायम एकच शब्द असायचा : अप्पा.

हे खरं नव्हतं. मी पॉलिटेक्निकचा डिप्लोमा केला होता, पण ते सोडा, डिप्लोम्यात पावणं शिकवत नाहीत. माझा हात हलका होता. पावणं शोधायचं म्हणजे चालू यंत्रात प्लॅस्टिकच्या विणायच्या सुईनं एकेका भागाला हळूच टोचत जायचं, कुठं टोचल्यावर रेघ थरथरते ते बघायचं. शेजारच्या ब्युटी पार्लरमधून मागून आणलेल्या ड्रायरनं एखादा कोपरा तापवायचा, प्लॅस्टिकच्या पिशवीत बर्फ घालून दुसरा गार करायचा. आत हजारो व्होल्ट असतात, म्हणून अप्पांची शिस्त होती : एक हात कामाला, दुसरा पाठीमागं. दोन्ही हात आत घातले आणि मधून करंट गेला की माणूसच मधनंच जातो, असं ते म्हणायचे. अप्पांचा हात जड होता. ते टोचायचे तेव्हा सगळा बोर्डच हलायचा. त्यामुळं घरातली निम्मी पावणं मी काढलेली होती. गिऱ्हाईक न्यायला आलं की अप्पा म्हणायचे, ‘‘लई दमवलं बघा मला ह्यानं.’’ मी शेजारी वही घेऊन उभी. मला दुसरं काही नको होतं. दागिने नको, साडी नको, नोकरीसुद्धा नको. अप्पांनी एकदा, फक्त एकदा, चारचौघांत म्हणावं की हे शालननं केलं. एवढ्यासाठी मी कितीदा रात्री उशी भिजवली, आणि आईला वाटलं माझं कुठं जमलंय म्हणून.

त्या वर्षी एका कॉलेजचा सीआरओ आला. प्रयोगशाळेतले सहायक तो रिक्षात मांडीवर घेऊन आले आणि म्हणाले, ‘‘पोरं एका टेबलावरनं दुसऱ्या टेबलावर नेत्यात तवर बरा असतोय. परीक्षेला बसलं की रेघ गुल. परीक्षा जवळ आल्यात, काय बी करा.’’ दुकानात ठेवला, दोन दिवस रेघ हलली नाही. घरी आणला आणि पावणं आलं. आलं आणि गेलं. मग दोन दिवस नाही. मग एका दुपारी दोनदा. आम्ही सुई लावली, ड्रायर लावला, आईनं फ्रीजमधला सगळा बर्फ संपवला आणि शेजारणीकडूनही आणला. अप्पांचा पहिला संशय गिरणीवर होता, पण गिरण चालू असताना पावणं येईचना. उलट गिरण बंद असताना यायचं. मग मिक्सर, मग पंखा, मग वाऱ्यानं हलणारी खिडकी. एकदा तर अप्पांनी आईच्या पाटल्यांचा आवाज बंद करायला लावला. वीस दिवस झाले. सहायक रोज दुकानात डोकावून जायचे. अप्पांची दाढी वाढली. जेवताना ते घास हातात धरून रेघेकडं बघत बसायचे.

आणि नेमक्या त्याच आठवड्यात रशीदचाचा स्थळ घेऊन आले. रशीदचाचा म्हणजे अप्पांच्या दुकानाशेजारचे मोटर रिवाइंडिंगवाले. जिल्हाभरच्या शेतकऱ्यांच्या विहिरीवरल्या जळालेल्या मोटारी त्यांच्याकडं यायच्या, त्यामुळं कुठल्या घरात किती पाणी आणि कुणाचं डोकं लवकर तापतं हे त्यांना चांगलं ठाऊक. ते पुढच्या खोलीतल्या एकुलत्या एका खुर्चीवर बसले आणि म्हणाले, ‘‘पेठ वडगावचं घर हाय. माणसं देवमाणसं. पोरगा सोसायटीत नोकरीला. तीन वर्सं झाली, एक मोटार जळली न्हाय त्यांची.’’ ते बोलत असतानाच आई ओरडली, ‘‘पावणं आलं!’’ रशीदचाचा दचकून उठले. ‘‘इतक्यात? मी तर रविवारी या म्हटलंय!’’ ते उठले आणि रेघ परत आली. आम्ही सगळे हसलो. मी वहीत लिहिलं : ‘रशीदचाचा आले होते.’ तसं कुणी आल्याचं वहीत आधीही दोनदा लिहिलेलं होतं. एकदा मावशी आली होती, एकदा विम्याचा माणूस. आम्ही ते वाचत होतो रोज. आम्हाला दिसलं नाही. डोळ्यांसमोरचं न दिसण्यात आमचं घर पहिल्यापासून हुशार.

शनिवारी आईनं फर्मान काढलं, ‘‘ते मढं उद्या बंद करा आणि आतल्या खोलीत न्या.’’ अप्पा म्हणाले, ‘‘बंद केला की थंड हुतोय. वीस दिवसांची तपश्चर्या हाय, रंभा-उर्वशी आल्या तरी हलवणार न्हाय.’’ शेवटी तडजोड झाली. उघड्या खोक्यावर आईनं विणलेला क्रोशाचा रुमाल पसरला, त्यावर फुलदाणी ठेवायचा तिचा बेत अप्पांनी हाणून पाडला. रेघ मात्र चालू. मला आईनं समजावलं, ‘‘त्यांच्यासमोर त्या रेघेकडं बघायचं न्हाय. खाली बघायचं. आणि दुकानाचं नाव काढायचं न्हाय, कळलं?’’ मी म्हटलं, ‘‘विचारलं तर?’’ आई म्हणाली, ‘‘अप्पा सांगतील.’’ अप्पा काय सांगतील याची मला खरोखरच उत्सुकता होती. वेडी आशा की काय म्हणतात ती हीच. मला वाटलं, पोरीचं चांगलंच सांगायचं असतं ना त्या दिवशी, मग आता तरी सांगतील.

रविवारी सकाळी दहाला पावणं आले. मुलगा बारीक, सभ्य, घामेजलेला. सतरंजीवर अप्पांच्या शेजारी बसला. त्याची आई आतल्या खोलीत माझ्या आईशेजारी. आणि मुलाचे मामा. मामा एके काळी तालमीत रमलेले होते. तालीम सुटली होती, खुराक सुटलेला नव्हता. जिना चढून धापा टाकत ते दारात उभे राहिले, खोली एकदा नजरेनं मापली आणि म्हणाले, ‘‘पावणं, टीव्ही बिघडलाय वाटतं तुमचा. नुसती रेघ दिसतीया.’’ अप्पा म्हणाले, ‘‘व्हय, रिपेरीला हाय.’’ रशीदचाचांनी खोकून विषय बदलला आणि खुर्ची दाखवली. मामा अजून बसले नव्हते. भिंतीवरचे फोटो बघत फिरत होते. मी उप्पीटाच्या बश्यांचं ताट घेऊन बाहेर आले आणि खाली बघत उभी राहिले, शिकवल्याबरहुकूम.

मामांनी विचारलं, ‘‘पोरगी दुकानात बसती म्हणं?’’

अप्पा हसले. त्यांचं ते गिऱ्हाइकाला घालवायचं हसू मला पाठ होतं. ‘‘छ्या! दुकानात कशाला? ती नुसती वही लिहिती. अक्षर चांगलं हाय, म्हणून. रिपेरी-बिपेरी तिला काय कळतंय! घरकामात मात्र पक्की.’’

रडू आलं असं मी लिहिलं तर ते खोटं होईल. राग आला. इतका राग की कान गरम झाले. वीस दिवस बर्फानं बोटं बधिर करून घेतली ती अक्षर चांगलं म्हणून? त्या रागात माझी मान वर झाली आणि नजर सवयीनं रेघेवर गेली. त्याच वेळी मामा खुर्चीवर बसले. सगळं वजन एकदम टाकून, हुश्श करून बसले.

रेघ गेली.

मी अप्पांकडं बघितलं. अप्पांनी बघितलं होतं. त्यांनी लगेच छताकडं नजर लावली, जसं काही छत पहिल्यांदाच बघतायत. मामा उप्पीट घ्यायला पुढं झुकले, रेघ आली. परत मागं टेकले, रेघ गेली. आणि माझ्या डोक्यात वहीची पानं फडफडली. रशीदचाचा. मावशी. विमावाला. आम्ही घरातले सगळे सतरंजीवर बसायचो. खुर्चीवर बसायचे ते फक्त पावणं! खुर्चीच्या पायाखालची फळी तीच, जिच्यावर पलीकडं स्टुलाचा पाय होता. खुर्ची दाबली की स्टूल कलत होतं आणि खोकं पिळत होतं. गिरणीनं सगळी जमीन एकसारखी हलायची, पिळायची नाही. ज्याला आम्ही वीस दिवस पावणं म्हणत होतो ते खरोखरच पावण्यांबरोबर येत होतं.

मी ताट रशीदचाचांच्या मांडीवर ठेवलं. ‘‘मामा, जरा उठता का?’’

मामा उठले. त्यांना वाटलं, खुर्चीवर काही सांडलंय. रेघ आली. ‘‘आता बसा की.’’ ते बसले. रेघ गेली. ‘‘परत उठा.’’

‘‘आँ?’’

‘‘एकदाच. आता सावकाश बसा. एकदम नको.’’

मामा भांबावून उठत-बसत होते. तालमीत उस्तादाचं ऐकायची सवय अंगात मुरलेली असणार; चार-पाच बैठका झाल्या तेव्हा कुठं त्यांचा चेहरा लाल झाला. तोवर मी रुमाल उचलून फेकला होता, डाव्या हातानं पदर पाठीमागं धरला होता आणि स्टुलावरची सुई उजव्या हातात घेऊन आत घातली होती. आतून मुलाची आई आणि माझी आई दोघीही दारात आल्या. आई म्हणाली, ‘‘शाले!’’ मी म्हटलं, ‘‘थांब की गं. मामा, बसून राहा, हलू नका.’’ रेघ गेलेली होती. मोठ्या ट्रान्सफॉर्मरच्या मागच्या पायाला सुई लावली, हलकेच दाबली. रेघ लख्खकन आली. सोडली, गेली. दाबली, आली. पायाभोवतीच्या सोल्डरला, म्हणजे त्याला बोर्डाशी जोडणाऱ्या कथलाच्या थेंबाला, केसाएवढी गोल चीर पडलेली होती.

तोपर्यंत अप्पांना छत बघणं असह्य झालं. ते एका उडीत माझ्याशेजारी आले. ‘‘तिथंच! शाले, तिथंच हाय! दाब, परत दाब! अरं तिच्यायला!’’ मग ते मामांकडं वळले, त्यांचे दोन्ही खांदे धरले आणि भान हरपून म्हणाले, ‘‘वीस दिवस, पावणं! वीस दिवस मला सापडत नव्हतं, आणि पोरीनं पाच मिनिटांत काढलं! हिचा हातच तसा हाय!’’

मामा खुर्चीतून उठले, आपले आपण. अप्पांचे हात हळूहळू खाली आले. दोन मिनिटांपूर्वी ते काय बोलले होते ते त्यांना आठवलं, मामांनाही आठवलं, आणि तो बारीक मुलगा माझ्याकडं बघून कसंनुसं हसला. बिचारा. पुढं त्याचं चांगलं झालं म्हणतात. त्याची आई चप्पल शोधायला लागली.

निरोप मंगळवारी रशीदचाचांनी आणला. ‘‘पोरगी हुशार हाय, म्हणाले. पर आमच्यात बाप्यांना उठ-बस करायला लावणारी नको. आणि,’’ इथं ते थोडे अडखळले, ‘‘बाप खोटं बोलतोय, म्हणाले.’’ पहिल्या कारणानं आई रडली. दुसऱ्यानं अप्पांनी उठून सोल्डरची इस्त्री काढली. आमच्याकडं सोल्डर करण्याला डाग देणं म्हणतात. आई म्हणाली, ‘‘पोरीच्या नावाला डाग लागला,’’ आणि अप्पा इस्त्री तापवत कुणाकडं न बघता म्हणाले, ‘‘डाग कच्चा हुता म्हणूनच समदं झालं.’’ त्या चिरेवर डाग मात्र त्यांनी स्वतःच दिला. मला इस्त्री दिली नाही.

दोन दिवसांनी सहायक सीआरओ न्यायला दुकानात आले. चालू करून बघितला, खोक्याला दोन्ही हातांनी पिळून बघितलं, आणि आनंदानं म्हणाले, ‘‘गावलं की पावणं! कसं काय काढलं?’’ मी वही घेऊन उभी होते. अप्पांनी माझ्याकडं बघितलं. मग म्हणाले, ‘‘गावलं.’’ मराठीत ही एक मोठी सोय आहे; गोष्टी आपल्या आपण गावतात, होतात, मिळतात. करणाऱ्याचं नाव घ्यावं लागत नाही. त्या दिवशी मी शेवटचा रकाना भरला नाही. संध्याकाळी अप्पांनी विचारलं, ‘‘हे रिकामं का?’’ मी म्हटलं, ‘‘तुमीच भरा.’’ त्यांनी पेन उचललं, टोपण काढलं, परत लावलं. वही माझ्याकडं आहे. ती जागा आजही कोरी आहे.

त्यानंतर अप्पा माझ्याशी कामापुरतं बोलायचे. मीही तेवढंच. जेवताना वाट्यांचे आवाज ऐकू यायचे. त्या दिवसांत मी मनाशी ठरवून टाकलं होतं की आता येईल त्याला हो म्हणायचं आणि जायचं. वही कुणीही लिहील.

दोन महिन्यांनी दुसरं स्थळ आलं, तेही रशीदचाचांनीच आणलेलं. घरच्या मोटारी किती आणि कधी जळल्या ते त्यांनी या वेळी सांगितलं नाही. पुन्हा रविवार, पुन्हा उप्पीट. मी आतल्या खोलीत साडीच्या निऱ्या करत होते. जिन्यात पावलं वाजली. अप्पा दाराकडं गेले, पण ‘या, या’ ऐकू आलं नाही. ते वरच्या पायरीवर उभे राहिले, दाराच्या चौकटीला हात लावून, वाट अडवून.

‘‘पावणं, आत याच्या आधी एक सांगतो,’’ त्यांचा आवाज गिरणीवर ऐकू जावा म्हणून चढवलेला होता. सगळ्या जिन्याला ऐकू जात होता. ‘‘पोरगी काय करती म्हणून इचारणार तुम्ही. ती सीआरओ रिपेरी करती. मीटर, सप्लाय, समदं. नुसती मदत न्हाय, स्वतः करती. माझ्याकडनं जे सुटत न्हाय ते तिच्याकडनं सुटतंय. दुकानातनं गेलेली निम्मी कामं तिची हायत, मी आजवर माझी म्हणून सांगितली. लग्न झाल्यावर बी करणार. चालत असंल तर या. न्हाय तर खाली चहा पाजतो, राग न्हाय.’’

खाली कुणीतरी काहीतरी पुटपुटलं. मग पावलं वाजली. वर येणारी नव्हती, खाली जाणारी होती. अप्पा खरंच त्यांना चहा पाजायला त्यांच्याबरोबर गेले. बोललेलं करायची त्यांना हौस होती.

आई दाराला टेकून बसली आणि तोंडाला पदर लावून रडायला लागली. मी तिच्याजवळ जाऊन बसले आणि मीही रडायला लागले. तिनं मला कुशीत घेतलं, पाठीवरून हात फिरवत म्हणाली, ‘‘असू दे गं, असू दे, मिळंल दुसरं.’’ मी मान हलवली. माझ्या रडण्याचं कारण वेगळं होतं, आणि ते त्या वेळी तिला सांगायची सोय नव्हती.